गार उन्हाची खोली

रंगमावशीचं लग्न एका बटणावरून जमलं, असं तिची नणंद अजून सांगते, आणि सांगताना आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा बेतशीर ठेवते. गोष्ट खरी आहे. तेव्हा मावशी कोणाची मावशी नव्हती. बाजाराच्या कोपऱ्यावर वडिलांनी थाटलेल्या मॅचिंग सेंटरमध्ये दोऱ्यांच्या रिळांमागे बसणारी, जराशी फटकळ मुलगी होती. एक दिवस एक उंच, घामाघूम तरुण कूलरची जाळी बांधायला जाड दोरा मागत आला. तिने दोरा दिला आणि त्याच्या छातीकडे बोट दाखवून विचारलं, "शर्ट मोतिया आणि तिसरं बटण पांढरंफेक. कोणी लावलं हे?"

"मीच," तो म्हणाला. "सारखंच तर आहे."

"पायरीवर चला."

ही त्या दुकानाची रीत होती. कापडाला जुळणारा दोरा, बटण, अस्तर, जे काही घ्यायचं ते दुकानाच्या दिव्याखाली ठरवायचं नाही. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याला उठवून बाहेरच्या दगडी पायरीवर न्यायचं आणि उन्हात बघायचं. "दिव्याचं काही खरं नाही," ती सांगायची, "दिवा लबाड आहे. दिव्याखाली दोन रंग गळ्यात गळे घालतात आणि उन्हात आले की एकमेकांचं तोंड बघत नाहीत." तर त्या तरुणाला तिने पायरीवर उभं केलं, आणि उन्हात ते पांढरं बटण मोतिया शर्टावर असं उघडं पडलं की तो बिचारा स्वतःच ओशाळला. पुढच्या काही आठवड्यांत त्याच्या शर्टांची बटणं भराभर तुटायला लागली. "माझ्या भावाने बटणं तोडून तोडून बायको मिळवली," असं नणंद म्हणते ते त्यामुळे.

हा भाऊ एसी दुरुस्तीचं काम करायचा. त्या गावात एसीवाल्याला देवाच्या खालोखाल मान. कारण ऊन तिथे वर्षाचे बाराही महिने मुक्कामाला. न्याहारी आटोपली की घराघरांतले पडदे ओढले जायचे आणि दिवे लावून दिवस काढायचा. घर बांधणाराही आधी एकच विचार करायचा, की ऊन बाहेर कसं राहील. गल्लीने त्याचं नाव ठेवलं गारेगार. पोरं सायकलवरून जाताना "गारेगार!" अशी आरोळी द्यायची आणि तो शिडीवरून हात हलवायचा. उन्हाशी त्याचं हाडवैर. दिवसभर लोकांच्या गच्चीवर त्याच्याशी झुंजायचं आणि घरी येऊन त्याला चार शिव्या हासडायच्या, हा त्याचा नेम होता. आणि बायको मिळाली ती अशी, की जिचा उन्हाशिवाय कोणावर विश्वास नाही. पण संसार चांगला झाला. तो गार करायचा, ती जुळवायची.

मग एका रखरखीत दुपारी ती पायरी मावशीला महागात पडली. एका गिऱ्हाईक बाईंना लेकीच्या लग्नाच्या पोशाखाला अस्तर हवं होतं आणि त्यांचं मन काही ठरेना. हा डाळिंबी की तो डाळिंबी, असं करत त्यांनी मावशीला पायरीवर उभं ठेवलं ते ठेवलंच. मावशीही हट्टाला पेटलेली. जुळल्याशिवाय आत जायचं नाही. शेवटी डाळिंबी जुळला आणि मावशी जागच्या जागी कोसळली. गारेगार तेव्हा कोणाच्या तरी गच्चीवर यंत्रात गॅस भरत होता. निरोप आला तेव्हा आपण शिडी कशी उतरलो हे त्याला आजही आठवत नाही.

मावशी वाचली. पण डॉक्टरांनी बजावलं, की आता हिच्या अंगाला स्वतःला गार ठेवणं जमत नाही, उकाड्याशी हिचा संबंध येता कामा नये, पुन्हा असं झालं तर आम्ही काही सांगू शकत नाही. गारेगारने ते वाक्य मनात कोरून घेतलं. दुकान बंद झालं. रिळांच्या नि बटणांच्या पेट्या घरी आल्या आणि भिंतीशी एकावर एक रचल्या गेल्या. झोपायच्या खोलीला काळे जाड पडदे लागले, खिडकीच्या फटी बुजवल्या गेल्या, एसीचा रिमोट त्याने स्वतःच्या ताब्यात घेतला. डोळ्यांत तेल घालून तो बायकोला जपायला लागला. त्या खोलीत दिवस आणि रात्र यांच्यात फरक इतकाच, की दिवसा तो कामावर असायचा.

दोन वर्षं अशी गेली. मावशी सुरुवातीला ट्यूबलाइटखाली रिळं काढून बसायची. शेवाळी आणि राखाडी शेजारी ठेवून बघायची. दोन्ही एकसारखे मेल्यासारखे दिसायचे. हळूहळू तिने पेट्या उघडणं सोडलं. मात्र स्वप्नात रंग यायचे, आणि ते कुठल्याही रिळावर नसलेले असायचे. स्वप्नात ती दुकानाच्या पायरीवर बसलेली असायची, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि वरून अबोली रंगाचं ऊन कापडासारखं उलगडत खाली यायचं. ती त्याचं टोक हातात धरायची आणि त्याला जुळणारा दोरा शोधायला आत वळायची, तेवढ्यात जाग यायची. मग ती अंधारात पडून राहायची. अबोली नेमका कसा दिसतो हे आठवायचा प्रयत्न करायची आणि कधी कधी आठवायचं नाही. त्याची तिला भीती वाटायची. माणसं चष्मा विसरतात, किल्ल्या विसरतात, पण आपण रंगच विसरलो तर आपल्यात उरलं काय, असं तिला वाटायचं.

हे ती कोणाला सांगायची नाही. नुसती गप्प गप्प होत गेली. ज्या बाईच्या जिभेला हाड नव्हतं ती हो नि नाही यावर आली, तेव्हा गारेगार हादरला. एका संध्याकाळी तो तिच्या पायांशी बसून विचारत राहिला, काय हवं, काय आणू. शेवटी ती म्हणाली, "अहो, मला ऊन बघायचंय."

"ऊन? उन्हात काय बघायचंय? जीव घेत होतं ते तुझा."

"लागायला नको. नुसतं दिसलं तरी चालेल. समोर पडलेलं असावं, आणि मी तिथे बसलेली असावी."

दुसऱ्या दिवशी तो कामावरून लवकर आला आणि मागच्या पडवीत टेप घेऊन मापं काढायला लागला.

नणंद शेजारच्याच घरात राहायची, मधे कमरेएवढी भिंत. तिने मान बाहेर काढली. "काय चाललंय रे?"

"उन्हाची खोली बांधतोय. काचेची. आत एसी."

नणंदेने आधी भावाकडे पाहिलं, मग आकाशाकडे. "अरे, जग उन्हापासून पळतंय आणि तू त्याला घरात बोलावून खोली देतोस? आणि वर ते गार करणार! आधी चूल पेटवायची आणि मग तिच्यावर बर्फ ठेवायचा, त्यातली गत."

"ताई, तुला नाही कळायचं."

"मला कळत नाही ते कोणालाच कळत नाही," असं म्हणून ती आत गेली आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन परत आली.

गारेगारने त्या खोलीत आपलं सगळं शिक्षण ओतलं. पडवीचा पत्रा काढून जाड थराचं छत घातलं, ज्यातून उष्णता खाली उतरत नाही. एका बाजूला घराची भिंत होतीच. बाकी तिन्ही बाजूंना, पूर्वेला, पश्चिमेला आणि उत्तरेला, दुहेरी काचा बसवल्या, मधे हवेचा बंद थर ठेवून. वर तापलेली हवा निघून जायला झरोके. खाली पांढऱ्या फरश्या. एसी तर त्याने असा निवडला की जणू घरात जावई येणार होता. आणि शेवटी काचांवर ऊन अडवणारी फिल्म. काच बसवणारा त्याचा जुना मित्र. तो म्हणाला, "उत्तरेला कशाला लावतोस? तिकडून ऊन फारसं येतच नाही, समोर नुसती पांढरी भिंत आहे. आणि या फिल्मला जरा निळसर झाक असते हं."

"डोळ्याला दिसते का?"

"तशी दिसत नाही."

"मग लाव. उत्तरेलाही लाव. उन्हाचा काय भरवसा? मला सगळीकडून बंदोबस्त हवाय."

त्याने लावली. सगळ्या काचांना, वरच्या छोट्या तावदानांनासुद्धा.

पहिल्या सकाळी गारेगारने बायकोला हाताला धरून तिथे आणलं आणि वेताच्या खुर्चीत बसवलं. पूर्वेच्या काचेतून ऊन आत आलेलं होतं आणि फरशीवर लांबच लांब पसरलं होतं. मावशीने चप्पल काढून पाय त्या उन्हात ठेवले. फरशी गार होती. ऊन पायांवर होतं आणि पाय गार होते. असं काही जगात असू शकतं हे तिला माहीत नव्हतं. अंगणातल्या लिंबाच्या झाडाची सावली तिच्या मांडीवर हलत होती, काचेपलीकडे एक मांजर भिंतीवरून चालत होतं, आणि आवाज कसलाच नाही, फक्त एसीची बारीक घरघर. स्वप्नातून जाग आली की पायरी नाहीशी व्हायची. इथे ती डोळे मिटून पुन्हा उघडायची तरी ऊन तिथेच होतं.

"लागत नाही ना?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. "जरा जरी गरम वाटलं तर सांग."

मावशीला रडू आलं. "अहो, किती छान केलंय," एवढंच तिला म्हणता आलं, आणि गारेगार, जो एरवी कौतुक झालं की थट्टा करून मोकळा व्हायचा, तो खिडकीची कडी उगाच उघडझाप करत राहिला.

ते दिवस मावशीला पुढेही नेहमी धुक्यातून पाहिल्यासारखे आठवायचे. सकाळ पूर्वेच्या काचेत, संध्याकाळ पश्चिमेच्या, आणि मधली लांबलचक दुपार मांडीवरून सावकाश सरकत जाणारी. ती जेवायची तिथे, डुलकी घ्यायची तिथे, नणंदेशी भांडायची तिथे. नणंद तर "मी काही बसणार नाही हं तुझ्या काचेच्या पेटीत" म्हणत आली आणि तीन वाजेपर्यंत घोरत पडली. मावशीने रिळांच्या पेट्या तिथे आणायला लावल्या. झाकणं उघडली तेव्हा दोन वर्षं अंधारात पडलेले दोरे उजेडात आले, आणि मावशीला माहेरची माणसं भेटल्यासारखं झालं.

बातमी टेलर मास्तरांपर्यंत गेली. हे म्हातारे मास्तर मावशीच्या दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तिच्या नजरेवर त्यांचा स्वतःच्या कात्रीपेक्षा जास्त भरवसा. दुकान बंद झाल्यापासून ते कुठून कुठून दोरे आणून कसंतरी भागवत होते. ते एक आमसुली कापड घेऊन आले. "वहिनी, कोट आहे. नाजूक गिऱ्हाईक. तुम्ही निवडून द्याल?"

द्याल काय! मावशीने पेटी पुढे ओढली. तिने आमसुली कापडावर एकामागून एक दोरे ठेवून पाहिले आणि एक निवडला. मास्तर खुशीत गेले.

चार दिवसांनी परत आले ते मान खाली घालून. आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग म्हणाले, "वहिनी, दोरा जरा... गिऱ्हाइकाने परत केला कोट. शिवण उठून दिसतेय म्हणाला. असेल, माझीच काही चूक असेल." त्यांनी कोट दाखवला. मावशीला शिवण कुठे उठून दिसली नाही. कापड आणि दोरा तिला एकजीव दिसत होते. म्हणजे ज्याला त्याला दिसणारी चूक तिला दिसत नव्हती. तिने दुसरा दोरा दिला. तोही परत आला.

उन्हाने अंगाबरोबर आपली नजरही नेली, असं तिने मनाशी धरलं. त्या खोलीवर, त्या उजेडावर संशय घ्यावा हे तिच्या डोक्यातही आलं नाही. ऊन खोटं बोलत नाही, ही तर तिची आयुष्यभराची श्रद्धा होती. समोर ऊन पडलेलं होतं आणि तिला दिसत नव्हतं, म्हणजे दोष डोळ्यांचाच. तिने मास्तरांना सांगितलं, "मास्तर, आता माझ्याकडे आणू नका. झालं माझं." मास्तर कोट गुंडाळून निघाले. नवऱ्याला ती काही बोलली नाही. संध्याकाळी त्याने विचारलं, "मास्तरांचं काम झालं?" ती म्हणाली, "झालं."

मग एका सकाळी गारेगार कामावर गेल्यावर वीज गेली. घराचा नियम होता की वीज गेली की मावशीने आतल्या खोलीत जाऊन ओलं फडकं कपाळावर ठेवून पडायचं. ती उठली. मांडीवर मास्तरांच्या त्या कापडाचा तुकडा आणि रीळ होतं, ते हातातच राहिलं. खोली कोंदट वाटली म्हणून जाता जाता तिने अंगणाचं दार क्षणभर उघडलं. कोवळं ऊन उंबऱ्यावर होतं. सवयीने, निव्वळ हाताच्या सवयीने, तिने रीळ कापडावर ठेवून बाहेर धरलं.

आमसुली कापड आमसुली होतं. दोरा विटकरीकडे झुकलेला होता. आंधळ्याने सांगितलं असतं इतका फरक.

तिने हात आत घेतला. काचेमागे दोघे पुन्हा एकजीव. बाहेर धरला, पुन्हा भांडण. आत, बाहेर, आत, बाहेर. दारात उभी राहून ती खुळ्यासारखी हसायला लागली. डोळे शाबूत होते! तिने लिंबाच्या पानांकडे पाहिलं, भिंतीच्या चुन्याकडे पाहिलं, स्वतःच्या साडीकडे पाहिलं आणि हिचा रंग हा होय, असं म्हणाली. अबोली कसा असतो हे तिला लख्ख आठवलं. घाईघाईने आत जाऊन ती शहाण्यासारखी फडकं ठेवून पडली.

पडल्या पडल्याच तिला दुसरी गोष्ट कळली आणि हसू मावळलं. खोली खोटं बोलत होती. गारेगारने जीव ओतून बांधलेली, आल्यागेल्याला काचेवर टकटक करून दाखवलेली ती खोली. त्याला सांगितलं तर तो काय करेल हे तिला ठाऊक होतं. एक शब्द बोलणार नाही, नुसता त्या काचांकडे बघत बसेल. जन्मभर उन्हाशी वैर केलेल्या माणसाने बायकोसाठी त्याच्याशी समेट केला होता. तो कसा मोडायचा? तिने ठरवलं की त्याला कळू द्यायचं नाही. बसायचं खोलीत, आणि रंग बघायचे दाराबाहेर.

मास्तरांना निरोप गेला. काम पुन्हा सुरू झालं. सकाळी गारेगारची गाडी गल्लीबाहेर गेली, की मावशी दार उघडून अंगणाच्या पायरीवर यायची, दोन मिनिटांत दोरा जुळवायची आणि आत. मास्तर खूश, गिऱ्हाईक खूश, गारेगार सगळ्यात खूश. "खोलीचा गुण आहे," तो नणंदेला सांगायचा. "बघ, कामाला लागली की नाही?" मावशी खाली मान घालून दोरा गुंडाळायची.

पण चोरीला चटक असते. सकाळची कोवळी वेळ सोडून ती हळूहळू दहा वाजता, अकरा वाजताही पायरीवर यायला लागली. आणि एका दुपारी मास्तर धावतपळत आले. मोरपंखी कापड, आजच हवं. मोरपंखी हा महाबिलंदर रंग. निळ्याने बघितलं तर हिरवा, हिरव्याने बघितलं तर निळा. मास्तर पुढच्या खोलीत थांबले. मावशी पेटी घेऊन मागच्या पायरीवर गेली. एक दोरा, दुसरा, तिसरा. बरोबरचा सापडला असं तिला वाटलं, आणि तेवढ्यात अंगणातली पांढरी भिंत तिच्याकडे चालत आली.

"अगं ए! काय करतेस तिथे?" नणंदेने भिंतीपलीकडून पाहिलं आणि किंकाळी फोडली. गुडघे दुखतात म्हणून देवदर्शन सोडलेली ती बाई कमरेएवढी भिंत ओलांडून आली. तिने आणि मास्तरांनी मिळून मावशीला आत ओढलं, अंगावर पाण्याची बादली रिकामी केली, एसी वाढवला. डॉक्टर येऊन गेले. वेळेवर आत आणलं म्हणून निभावलं, म्हणाले.

गारेगार कामाच्या डांगरीतच आला, हात तेलाचे. मावशी काचेच्या खोलीत खुर्चीवर टेकून बसली होती, केस ओले. ती बसलेली दिसली आणि मग त्याचा तोल गेला. "मेली असतीस!" तो ओरडला. "मी तुझ्यासाठी खोली बांधली. बसल्या जागी ऊन आणून दिलं. आणि तू बाहेर जाऊन मरायला बसतेस? काय कमी होतं इथे? सांग, काय कमी केलं मी?"

नणंद पहिल्यांदाच गप्प. मास्तर कोपऱ्यात टोपी चुरगाळत उभे.

गारेगारने तिच्या मुठीतलं कापड आणि दोन रिळं काढून घेतली. "हे बघायला? हे इथे दिसत नाही?"

"दोन्हीतलं कुठलं जुळतं?" मावशी हळूच म्हणाली. "तुम्हीच बघा."

त्याने बघितलं. "दोन्ही जुळतात. सारखीच आहेत की."

"पायरीवर जा."

किती वर्षांनी त्याने ते वाक्य ऐकलं होतं. तो दार उघडून बाहेर गेला. त्याची पाठ दिसत होती. एकदा वळून त्याने हात काचेच्या आत आणला, पुन्हा बाहेर नेला. मग आत येऊन दार लावलं आणि फरशीवरच बसला.

"सांगितलं का नाहीस?"

"इतक्या हौसेने बांधलीत," मावशी म्हणाली. "म्हटलं, मोडायला नको."

"म्हणून जीव द्यायचा?" तो म्हणाला. "अगं, खोली मोडली तर खोली बांधता येते."

दुसऱ्या दिवशी तो कामाला गेला नाही. मित्राला फोन केला तेव्हा पलीकडून "मी म्हटलं होतं" इतकंच आलं असावं, कारण गारेगार म्हणाला, "हो रे बाबा, म्हटलं होतंस." साबणाच्या पाण्याची बादली आणि पातं घेऊन तो उत्तरेच्या काचेशी उभा राहिला. पूर्व-पश्चिमेला फिल्म हवीच होती, तिथे ऊन सरळ आत येतं. रंग बघताना तिकडचे पडदे ओढायचं ठरलं. पण उत्तरेला फक्त पांढऱ्या भिंतीवरून परतलेला उजेड होता, निवांत, न तापणारा. तो उजेड त्याने निव्वळ भीतीपोटी अडवला होता. काच ओली करून तो कडेपासून फिल्म सोलत गेला. सालासारखी ती लांबच लांब सुटत आली, आणि हातात आल्यावर दिसलं की ती निळसर आहे. मग बाहेर जाऊन त्याने काच पुसायला घेतली.

आत मावशी टेबलापाशी बसली होती. ओलं फडकं जसजसं फिरत गेलं तसतसा खरा उजेड टेबलावर आला. मोरपंखी मोरपंखी झालं. तिने वर पाहिलं.

काचेपलीकडे तिचा नवरा उभा होता. दोन वर्षं तिने त्याला ट्यूबलाइटखाली पाहिलं होतं, नंतर निळसर काचेमागे, कामावरून आला की तेलकट डांगरीत. आज तो घरच्या शर्टात होता. शर्ट फिका आकाशी. वरचं बटण पिवळट, आणि काळ्या दोऱ्याने लावलेलं. त्याखालचं पँटचं, तपकिरी. तिसऱ्याच्या जागी चार आडवेतिडवे टाके आणि कुठल्यातरी ब्लाउजचा हूक. मागे दोरीवर त्याचे धुतलेले शर्ट वाळत होते. मावशीने एकेक बघत नेलं. एकालाही सारखी बटणं नव्हती. हा माणूस दोन वर्षं असा गावभर फिरला होता. घरात भिंतीला छतापर्यंत बटणांच्या पेट्या लागलेल्या, आणि त्याने एकदाही तिच्याकडे बटण मागितलं नव्हतं.

तिने काचेवर टकटक केलं. तो घाबरून धावत आत आला. "काय झालं? अजून चुकतंय का?"

"शर्ट काढा."

"अगं, भर दिवसा? ताई बघतेय."

"बघू दे," भिंतीपलीकडून आवाज आला.

त्याने शर्ट काढून दिला. मावशीने कात्री घेतली आणि पिवळट बटण कापलं. तो बनियनवर शेजारी उभा राहून बघत होता. "सारखीच तर होती," तो म्हणाला. "म्हणजे मला तसं वाटलं. तू झोपलेली असायचीस. तुला कशाला उठवायचं?"

तिने पेटीत हात घालून आकाशी बटणांची पुडी काढली, त्यातलं एक शर्टावर ठेवून उत्तरेच्या काचेकडे धरलं, ठेवून दिलं, दुसरं घेतलं. ते जुळलं.

"बाकीचेही आणू?" त्याने विचारलं.

"सगळे आणा," ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला लागली.